एका अक्षराचा टेकू

प्रिय ताई,

परवा फोनवर तू विचारलंस, कानांचा चांगला डॉक्टर तुझ्या ओळखीत आहे का रे, आणि मी धडाधड नावं सांगून मोकळा झालो. वर, "गाडी पाठवतो, दाजींना मी स्वतः घेऊन जातो," असंही म्हणालो. तू म्हणालीस, "बारक्या, तुझ्यासारखा भाऊ मिळायला नशीब लागतं." फोन ठेवल्यावर मी तोंडावर पाणी मारून आलो. फोनवर माझं असंच होतं बघ. जीभ आपोआप गोड होते, समोरच्याला काय ऐकायचंय ते मला आधीच ऐकू येतं आणि मी तेवढंच बोलतो. आजवरचा सगळा धंदा याच गुणावर केला. म्हणून आज कागद घेतलाय. कागदावर खोटं लिहायला निदान हात तरी अडखळतो.

साइटवरच्या पत्र्याच्या खोलीत बसून लिहितोय. टेबलावर नकाशे, कुणाचं तरी हेल्मेट आणि तळाशी चहा वाळलेले कप. एरवी भर दुपारी इथे शेजारी बसलेल्याशीही ओरडून बोलावं लागतं. आज सगळं बंद आहे. बाहेर पाण्याच्या पिंपावर एक कावळा चोच आपटतोय तेवढंच. काम का बंद आहे ते सांगतो, पण मला ओळीने सांगू दे. मधलं एक जरी गाळलं तर मी पुन्हा त्यातून निसटेन. मला मी चांगला ओळखतो.

दाजींबद्दल तू जे जे सांगितलंस ते माझ्या डोक्यातून जात नाही. रेडिओ मोठ्याने लावतात आणि मग तुलाच विचारतात, फार मोठा झाला का गं? रस्ता ओलांडताना तुझा हात धरतात, मागून गाडी आली तर कळायची नाही म्हणून. कुणी काही बोललं की दोनदा विचारून घेतात आणि तरी मान डोलावताना घाबरलेले दिसतात. तुमच्या गल्लीतला बांधकामवाला घरी येऊन म्हणाला, "चला दाजी, नुसते खाली उभे राहा, बाकीचं आम्ही बघतो," तर त्याला म्हणाले, "नको रे बाबा. माझ्या कानांनी एकाचा पाय घेतला, आता दुसऱ्याचा जीव नको." ज्या माणसाला घरी बसवायचं म्हटलं तर तू दाराला कडी घालायचीस, तो माणूस आता आपणहून खिडकीशी बसून असतो. तुला वाटतं हे वयाचं आहे. ते वयाचं नाही, ताई.

मी सगळीकडे सांगत फिरतो की मी शून्यातून वर आलो. सत्कारात सांगितलं, मुलाच्या सोयरिकीत सांगितलं, परवा दाढी करणाऱ्यालाही सांगितलं. तुला तर हसूच येत असेल. कसलं शून्य? तुमच्या घरातली बाहेरची खोली होती ती, आणि त्यात तू रोज झाकून ठेवलेलं ताट होतं. शाळेने हाकलल्यावर दाजींनीच मला कामावर नेलं. फळी कशी धरायची, खिळा कुठे ठोकायचा, टेकू ओळंब्यात कसा उभा करायचा, सगळं त्यांचंच. टेकूवर हातोडी मारून आवाज ऐकायलाही त्यांनीच शिकवलं. भार घेतलेला टेकू "ठण्ण" म्हणतो, रिकामा नुसता "थप्प". "आळशी माणूस आणि रिकामा टेकू, दोघांचाही आवाज पोकळ," असं म्हणायचे आणि मुद्दाम माझ्याकडे बघायचे. लोक माझ्या कानांचं कौतुक करतात ना, ते कान दाजींनी घडवलेत. पुढे मी ठेकेदार झालो आणि तेच माझ्याकडे कामाला आले. कुणी खोचकपणे विचारायचं, मेव्हण्याच्या हाताखाली कसं काय जमतं तुम्हाला? तर म्हणायचे, "हाताखाली कुठे? मी स्लॅबखाली असतो."

आता आमच्या कामातलं थोडं सांगतो. ते कळलं नाही तर माझी करणी तुला लहान वाटेल, आणि ते माझ्या सोयीचं होईल. छत ओततात तेव्हा काँक्रीट ओलं असतं. ओलं काँक्रीट म्हणजे नुसतं ओझं, त्यात स्वतःला धरून ठेवायची ताकद अजून आलेली नसते. ती येईपर्यंत सगळं छत खालच्या फळ्यांवर आणि फळ्या टेकूंवर. टेकूचा स्वभाव माणसासारखा आहे. सरळ उभा असेल तर डोक्यावर वाटेल तेवढं घेईल, पण बाजूने धक्का बसला की गुडघ्यात मोडेल. म्हणून एका टेकूला दुसऱ्याशी तिरप्या पाईपांनी जोडायचं असतं. एकमेकांचे हात धरून उभे असल्यासारखे. टेकू जेवढे उंच तेवढी ही जोडणी जास्त हवी. हे शाळेतून हाकललेल्या पोरालाही कळतं, मला पाठ होतं.

ते सभागृहाचं छत होतं. उंची दोन मजल्यांची, त्यामुळे टेकूवर टेकू चढवलेले. मी वर होतो, दाजी आणि त्यांच्या हाताखालचा आपला लंबू खाली. काँक्रीटच्या गाड्या फाटकापासून कोपऱ्यापर्यंत उभ्या, ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवून बसलेले, पंप धडधडायला लागलेला. आदल्या दिवशी मी इंजिनीअर बाईंसमोर छाती काढून बोललो होतो, की जेवणाच्या आत उरकून दाखवतो. तेवढ्यात खालून दाजींची हाक आली, "मालक, मागच्या रांगेचे तिरपे राहिलेत. जोडू का?" साइटवर मला मालक म्हणायचे ते, चेष्टेने. मी फळ्यांच्या फटीतून खाली बघितलं. तोंडावर उन्हाची रेघ घेऊन ते वर बघत उभे होते.

मी म्हणालो, "सोडा!"

पंपाच्या त्या धडधडीत तो शब्द फक्त त्यांच्यापर्यंत पोचला. त्यांनी एकदा मागच्या रांगेकडे बघितलं. मग "बघा हं," एवढंच म्हणाले आणि आपल्या जागी गेले. पंपाचा पाईप ओढत आम्ही ओतायला सुरुवात केली. मागच्या रांगेवर आलो तेव्हा पंपाने पाईपला एक हिसका दिला, काँक्रीटचा ढीग एकाच जागी पडला, आणि मला तो आवाज ऐकू आला. लाकडातून खिळा आपोआप ओढला जातो ना, तेव्हा मांजराच्या पिलासारखा बारीक आवाज येतो. मी किंचाळलो, "बाहेर! सगळे बाहेर!" वरचे सगळे भिंतीकडे पळाले. खाली दाजींनी लंबूची कॉलर धरून त्याला ओढला, म्हणून तो आज आहे. त्याचा पाय तेवढा पडलेल्या टेकूखाली राहिला. मागची रांग आधी वाकली आणि मग सगळं छत एखाद्या भिजलेल्या चादरीसारखं खाली आलं. त्यानंतरची शांतता मी कुणाला सांगू शकत नाही. पंप कुणीतरी बंद केला होता, आणि धुळीतून दाजी एकेकाचं नाव घेऊन हाका मारत होते. माझंही.

लंबूला घेऊन गाडी गेली आणि बाईंनी तिथेच, विटांच्या ढिगापाशी, सगळ्यांना उभं केलं. मागच्या रांगेचे तिरपे पाईप तसेच कडेला जमिनीवर पडलेले दिसत होते. "हे का जोडले नाहीत?" दाजींनी सरळ सांगितलं, "मी विचारलं होतं बाई. हे म्हणाले, सोडा." कसलीही तक्रार नव्हती आवाजात. वेळ विचारल्यावर सांगावी तसं सांगितलं. सगळ्यांची तोंडं माझ्याकडे वळली. आणि ताई, मी दाजींच्या खांद्यावर हात ठेवला. प्रेमाने ठेवला, त्याचीच मला सगळ्यात जास्त किळस येते. आणि म्हणालो, "नाही हो दाजी. मी 'जोडा' म्हणालो होतो."

एका अक्षराचा फरक. मी ठरवलं नव्हतं, शपथ घेऊन सांगतो, पण जीभच माझी अशी तयार झालेली की तिला बरोबर अक्षर सापडलं. माणूस खोटं बोलायला लागला की त्याचा आवाज जरासा वर चढतो. ते ओळखून मी भल्याभल्यांना पकडलंय. माझा चढला नाही. दाजींनी करंगळी कानात घातली, हलवली, आणि करंगळीकडे बघितलं, जणू शब्द तिथे अडकला असावा. म्हणाले, "असेल. पंप चालू होता. वयही झालं आता." मी त्यांच्या डोळ्यांत शोधलं, यांना कळलंय का? कळून माझ्यासाठी, तुझ्यासाठी गप्प बसलेत का? तसं असतं तर मला झोप तरी लागली असती. पण त्यांना कळलं नव्हतं. स्वतःच्या कानांपेक्षा त्यांनी माझ्यावर जास्त विश्वास ठेवला होता. लोक खाल्ल्या घरचे वासे मोजतात म्हणतात. मी ते उपसून काढले.

एवढ्यावर थांबलं असतं तरी एक वेळ मी ते गिळून बसलो असतो, तसा कोडगा आहे मी. पण खोट्याला टेकू लावला की त्याच्यावर मजले चढत जातात. चौकशीत लिहिलं गेलं, "ऐकण्यातली चूक." बाई चांगल्या मनाच्या. म्हणाल्या, चूक माणसाची नाही, पद्धतीची आहे, आता ओरडून काही विचारायचंच नाही. लाल आणि हिरव्या पाट्या करून घेतल्या त्यांनी. खालच्याने पाटी दाखवायची, वरच्याने पाटीने उत्तर द्यायचं. दुसऱ्या साइटवरचे लोक ते बघायला येऊ लागले. आणि मी वेळेवर खिळ्याचा आवाज ऐकला म्हणून माझा केवढा बोलबाला झाला! नव्या कामगारांपुढे मला उभं करायचे, सांगायचे, या कानांनी माणसं वाचवली. मी हसून हात जोडायचो. माझ्या कानांचं कौतुक आणि दाजींच्या कानांची कीव, एकाच वाक्यात, आणि मी दोन्ही ऐकत उभा. लंबूला भेटायला गेलो होतो. काठी घेऊन चालायला लागलाय, चेष्टाही करतो, म्हणाला, "आता मला लंबू म्हणू नका, एका बाजूने आखूड झालोय." मग गंभीर होऊन म्हणाला, "पण मालक, बहिऱ्या म्हाताऱ्याला खाली ठेवायला नको होतं तुम्ही. नात्यापायी घात झाला." ज्यांनी त्याची कॉलर धरून ओढलं त्यांच्याबद्दल बोलत होता तो. आणि मी म्हणालो, "खरंय तुझं." हे दुसऱ्यांदा. पहिलं जिभेने आपोआप केलं असं तरी म्हणता येतं. हे मी विचार करून बोललो.

आता आजचं. तेच छत आज पुन्हा ओतायचं होतं. गाड्या पुन्हा फाटकापासून कोपऱ्यापर्यंत, हॉर्न तेच, पंप तोच. दाजींच्या जागी आता एक नवा मिस्त्री आहे, कामाला चोख, जरा घाबरट. हातात दोन्ही पाट्या घेऊन तो शिडीने वर आला. पाटी दाखवायची सोडून माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "कडेच्या टेकूंखाली जमीन भुसभुशीत आहे. नळासाठी चर खणून बुजवलाय ना, तिथे. खाली फळ्या टाकायला हव्यात, नाहीतर टेकू रुततील. पण वेळ जाईल. काय करू?" मी त्याच्याकडे बघितलं. त्याने मला शब्दन् शब्द नीट विचारलं होतं, मला तो शब्दन् शब्द ऐकू आला होता, आणि तरी माझ्या तोंडात कोणता शब्द तयार होता माहीत आहे? तोच. अर्धा बाहेरही आला असेल. मी तो परत आत ढकलला आणि विचारलं, "तुला काय वाटतं?" तर तो हसला आणि म्हणाला, "मला काय वाटायचंय? तुम्ही आहात ना वर. काही झालं तर तुमच्या कानांना आधी कळेलच."

तेव्हा मला दिसलं ताई, मी काय करून ठेवलंय ते. पाट्या रंगवल्या, पद्धत बदलली, सगळं बदललं, आणि छत पडायचं खरं कारण तसंच्या तसं वर उभं होतं, डोक्यावर हेल्मेट घालून. ते छत ऐकण्याच्या चुकीने पडलंच नव्हतं. ते नीट ऐकल्यामुळे पडलं. मी सोडा म्हणालो, दाजींनी सोडलं. उद्या या माणसालाही नीट ऐकू येईल, तोही मान डोलावून खाली जाईल, आणि माझ्या कानांच्या भरवशावर भुसभुशीत जमिनीपाशी उभा राहील. माझं खोटं आता एकट्या दाजींच्या डोक्यावर नव्हतं. खाली उभ्या राहणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यावर मी ते ओतायला निघालो होतो.

मी त्याच्या हातातली लाल पाटी काढून घेतली आणि वर धरली. पंपवाला वैतागला, "आता काय झालं?" गाड्या परत पाठवल्या. बाई तरातरा वर आल्या, तेव्हा मी पंप पूर्ण बंद करायला लावला. पंपाचा आवाज होता, असं या वेळी कुणाला म्हणता येऊ नये. मग सगळ्यांसमोर सांगितलं. "त्या दिवशी मी 'सोडा' म्हणालो होतो. दाजींनी बरोबर ऐकलं होतं." नव्या मिस्त्रीने माझ्याकडे बघितलं आणि तो एक पाऊल मागे सरकला, ते त्यालाही कळलं नसेल. बाईंचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. म्हणाल्या, "मग मी इतके दिवस पाट्या कशाला रंगवत बसले होते?" एरवी मी यावर काहीतरी विनोद केला असता. मग बाईंनी विचारलं, "दाजींना सांगितलंत?" मी म्हणालो, "नाही." त्या म्हणाल्या, "म्हणजे मला आधी सांगितलंत. वा." आणि खाली निघून गेल्या.

त्यांनी माझं काम थांबवलंय आणि चौकशी पुन्हा उघडताहेत. पुढे काय होईल ते होईल, त्याची कीव तू करू नकोस. लंबूकडे मी संध्याकाळी जाणार आहे. काठी त्याच्या हाताशीच असते, त्याने ती वापरली तर माझी ना नाही. पण बाई एक-दोन दिवसांत तुमच्याकडे येतील, दाजींचा नवा जबाब घ्यायला. परक्या बाईच्या तोंडून तुम्हाला हे कळू नये, एवढ्यासाठी आज बसलो.

मी स्वतः का आलो नाही, असं तू म्हणशील. गाडीत बसलोही होतो. पण मी दारात आलो की तू आधी पाणी आणशील, आणि माझं बोलणं अर्ध्यावर येईपर्यंत दाजी म्हणतील, "असू दे रे." त्यांचा स्वभाव तुला माहीत आहे. ते "असू दे" म्हणाले की मी तिथेच थांबेन, उरलेलं अर्धं माझ्या पोटातच राहील, आणि तुझ्या हातचा चहा पिऊन मी हलका होऊन परत येईन. कागदाला मध्येच थांबवता येत नाही, म्हणून हा कागद. पूर्ण वाच, लंबूचंही वाच, खांद्यावर हात ठेवल्याचंही. आणि शेवटी ते "असू दे" म्हणालेच, तर ते मला कळवू नकोस. त्यांच्यासमोर खुर्ची घेऊन बस, रेडिओ बंद कर, आणि तुझ्या नेहमीच्या आवाजात वाच. ओरडू नकोस. त्यांना सगळं ऐकू येतं. त्या दिवशीही आलं होतं.

तू नको म्हणेपर्यंत तुझाच,
बारक्या